पंडिता रमाबाई आणि विहिरीवरची बाई

आपल्या मराठीत 'टाकलेली' असा एक शब्द आहे. नवऱ्याने सोडून दिलेल्या बाईला तो लावतात. शब्द साधा, पण कानांवर पडला की डोळ्यांपुढे फुटके भांडे येते, चिंधी येते. माणूस येत नाही. वरोऱ्याकडच्या मंडळींना या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. १९५१ मध्ये बाबा आमटे यांनी तिथल्या खडकाळ रानात आनंदवन मांडले, तेव्हा बरोबर सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये होते, असे सांगतात. त्या सहा जणांना त्यांच्याच माणसांनी टाकले होते. रोगाने बोटे गेली. पण घरच्यांनी तोंड फिरवले त्याचे दुःख बोटांहून मोठे होते.

आज आपल्याला आनंदवनाच्याही मागे साठ-सत्तर वर्षे जायचे आहे. एका मराठी बाईला एकामागून एक किती दारे बंद झाली, आणि अखेर तिला धीर मिळाला तो कुठे, ही हकीकत सांगायची आहे. ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई. शाळेच्या पुस्तकात त्यांचे नाव असते, जन्म-मृत्यूच्या तारखा असतात, आणि 'ख्रिस्ती धर्म स्वीकारला' असे एक वाक्य असते. ते वाक्य वाचून गुरुजी पुढच्या धड्याकडे वळतात. आज त्याच वाक्यापाशी थोडे थांबू.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, आणि तोही जंगलातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. पत्नी गेल्यानंतर तीर्थयात्रेला निघाले असता गोदावरीच्या काठी त्यांना एका यात्रेकरूने आपली नऊ वर्षांची मुलगी दिली. हीच गोदावरी पुढे आपल्या सिरोंच्यावरून वाहत जाते. शास्त्रीबुवांचे वेड असे की, बायकोला संस्कृत शिकवायचे. लोकांना ते खपेना. बाईमाणसाने देववाणी शिकायची म्हणजे काय? उडुपीला पंडितांच्या सभेपुढे त्यांना शास्त्राधार दाखवावे लागले. त्यांनी ते दाखवलेही. पण गावातल्या माणसांशी रोज भांडत बसण्यापेक्षा रान बरे, म्हणून पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या अरण्यात त्यांनी झोपडे बांधले.

तिथली पहिली रात्र आपल्याकडच्या लोकांना चटकन समजेल. निवारा नव्हता. रात्री पलीकडच्या दरीतून वाघाची डरकाळी आली. ती लहानगी बायको पासोडीत अंग गुंडाळून जमिनीशी चिकटून पडली, आणि शास्त्रीबुवा पहाटेपर्यंत तिच्याजवळ जागत बसले. सिंदेवाही-ब्रह्मपुरीकडे ज्यांनी ही डरकाळी अंगणातून ऐकली असेल, त्यांना त्या रात्रीची लांबी मोजून सांगायची गरज नाही. याच रानात ती मुलगी संस्कृत शिकली, आणि पुढे पहाटेच्या अंधारात तिने आपल्या धाकट्या लेकीला, म्हणजे रमाबाईंना, भागवताचे श्लोक पाठ करवले.

पाहुणे, विद्यार्थी आणि दानधर्म यांत पैसा संपला, कर्ज झाले. मग सारे कुटुंब देवळांतून पुराण सांगत देशभर फिरू लागले. मजुरी करायची नाही, कारण ब्राह्मणाचे हात. भीक मागायची नाही, कारण पंडिताचा मान. अशात दक्षिणेत दुष्काळ पडला. भांडी विकली, दागिने विकले, शेवटी रानातला पाला खायची वेळ आली. आपल्या भागात दुष्काळात मोहाची फुले, टेंभरे, कंदमुळे यांवर माणूस दिवस काढतो. ती त्या पुराणिकाच्या घराला ओळखूही येत नव्हती. १८७४ मध्ये वडील गेले, काही महिन्यांनी आई गेली, मग थोरली बहीण. आईच्या वेळी खांदा द्यायला माणसे मिळेनात. कशीबशी दोन माणसे तयार झाली. तिसरा भाऊ, चौथी रमाबाई. त्या उंचीने ठेंगण्या, खांदा पुरेना, म्हणून तिरडीचा आपला कोपरा त्यांनी डोक्यावर घेतला. स्मशान चांगले तीन मैल लांब होते.

मग भाऊ-बहीण पायी फिरत फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली. तिथे मात्र नशीब पालटल्यासारखे झाले. सोळा-अठरा हजार श्लोक तोंडपाठ असलेली वीस वर्षांची मुलगी पाहून पंडित थक्क झाले. 'पंडिता' आणि 'सरस्वती' अशा पदव्या दिल्या. बायकांपुढे व्याख्याने देता यावीत म्हणून बाईंनी धर्मशास्त्राचे ग्रंथ बारकाईने चाळले. पुढे त्यांनी लिहून ठेवले आहे की, ग्रंथ एकमेकांशी पुष्कळ बाबतींत भांडत होते, पण एका गोष्टीवर त्यांचे एकमत दिसले: स्त्री कोणत्याही जातीची असो, ती वाईट, आणि तिला व शूद्राला मोक्षाची वाट त्यांच्या स्वतःच्या पायांनी नाही. ज्या विद्येसाठी बापाने रान पत्करले, त्याच विद्येने लेकीला हे सांगितले. टाकलेपणाचे हे दुसरे रूप. पहिले लोकांनी केले, हे पोथीने.

भाऊ वारला. १८८० मध्ये रमाबाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. ते ब्राह्मण नव्हते, त्यामुळे आप्तांचा उरलासुरला धागाही तुटला. आसामात सिलचरला संसार मांडला, १८८१ मध्ये मनोरमा झाली, आणि ४ फेब्रुवारी १८८२ ला पटकीने मेधावी गेले. चोविसाव्या वर्षी विधवा, पदरात दहा महिन्यांची पोर. याच सिलचरच्या घरात, नवऱ्याच्या पुस्तकांत, लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत त्यांच्या हाती पडली होती. वाचली, आवडली, आणि तेवढ्यावर राहिले. माणूस पुस्तक वाचून धर्म बदलतो असे आपण सहज म्हणतो. बाईंचे तसे झाले नाही.

पुण्याला आल्यावर त्यांनी आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर आणि शिक्षिका हव्यात अशी साक्ष दिली. पण स्वतः डॉक्टर व्हायचे मनात होते, म्हणून १८८३ मध्ये लेकीला घेऊन विलायतेस गेल्या. वाँटेज गावी ख्रिस्ती भगिनींचा एक मठ आहे, तिथे उतरल्या. जाताना धर्म बदलायचा नाही असे सांगून गेल्या होत्या.

इथे आता आपल्या कथेचा गाभा येतो. त्या भगिनींची एक शाखा लंडनजवळ फुलहॅमला होती. बाईंना तिथे पाहायला नेले. जगाने ज्यांच्यावर 'पतित' असा शिक्का मारला होता अशा बायकांसाठी ते घर होते. रमाबाईंनी पाहिले ते असे: कालपर्यंत रस्त्यावर असलेल्या बाया इथे आजाऱ्यांची सेवा करत होत्या, आणि कोणी त्यांच्याशी बोलताना नाक मुरडत नव्हते. बाईंनी मनुस्मृती वाचली होती. अशा बाईला कुत्र्यांकडून फाडून काढावे, असे राजाला सांगणारा श्लोकही त्यांना ठाऊक होता. आपल्या देशात कोणी या बायकांना हात देताना त्यांनी पाहिले नव्हते. त्यांनी विचारले, तुम्ही हे का करता? तेव्हा एका भगिनीने उत्तरादाखल व्याख्यान दिले नाही. योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय काढला आणि वाचून दाखवला.

तो प्रसंग आपल्याकडच्या माणसाला परका वाटणार नाही. भर दुपारची वेळ. येशू चालून दमलेला, गावाबाहेरच्या विहिरीवर बसला आहे. शोमरोन प्रांतातली एक बाई घागर घेऊन एकटी येते. यहुदी लोक शोमरोनींच्या भांड्यातले पाणी पीत नसत. आणि हा यहुदी तिला म्हणतो, मला प्यायला दे. ती चकितच होते. बोलता बोलता निघते की तिचे पाच नवरे झालेले आहेत, आणि आता ज्याच्याबरोबर राहते तो नवरा नव्हे. हे त्याला ठाऊक आहे, तो ते बोलून दाखवतो, पण तिला हाकलत नाही. उलट देव कुठे भजावा, डोंगरावर की देवळात, असल्या गहन गोष्टी तिच्याशी बोलत राहतो. शिष्य परत येतात आणि हा बाईशी बोलतो आहे याचेच त्यांना नवल वाटते. बाई मात्र घागर तिथेच टाकून गावात पळते, सगळ्यांना सांगायला.

पाण्याची ही गोष्ट आहे, हे ध्यानात घ्या. ज्या महाराष्ट्रात चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी १९२७ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, त्या महाराष्ट्रातल्या माणसाला 'मला तुझ्या हातचे पाणी दे' या पाच शब्दांचे वजन लंडनच्या माणसाहून जास्त कळेल. रमाबाईंना ते कळले. दया करणारा माणूस वरून खाली देतो. इथे तहानलेला तो आहे आणि देणारी ती. टाकलेल्या माणसाला भाकरीच्या तुकड्याआधी काय हवे असते? आपल्याकडून कोणाला तरी काही हवे आहे, एवढे कळायला हवे असते. माझ्या मते फुलहॅममध्ये बाईंच्या मनाला जे लागले ते हे. बुद्धीच्या शंका राहिल्या होत्या. त्या काशीकडचे पंडित नीळकंठशास्त्री गोरे, जे स्वतः १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले होते, त्यांच्या पत्रांनी बऱ्याच फिटल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

हकीकत इथेच संपली असती तर ती मिशनच्या पत्रकात शोभली असती. पण बाई तशा नव्हत्या. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यांचा त्याच भगिनींशी वाद झाला. चर्च सांगेल ते निमूट मानावे, असे मठाचे म्हणणे. मी एका पुरोहितवर्गाचे जोखड उतरवले ते दुसऱ्याचे मानेवर घ्यायला नव्हे, अशा आशयाचे बाईंचे उत्तर. त्या मांसाहार करीत नसत, ते त्यांनी सोडले नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन शब्द कशाला, आमची संस्कृत काय वाईट, असाही वाद घातला. ही सारी पत्रे १९७७ मध्ये मुंबईत पुस्तकरूपाने छापली गेली आहेत. शिक्षक मंडळींनी मिळवून जरूर वाचावीत. ज्यांनी आपल्याला जवळ केले त्यांच्याशीही इतक्या सरळपणे भांडता येते, हे पाहून मौज वाटते आणि आदरही वाटतो. विहिरीवर जो भेटला तो बाईंचा. त्याच्या नावाने बांधलेल्या इमारतीची प्रत्येक खिडकी काही त्यांची नव्हती.

असो. अमेरिकेत त्यांनी पुस्तक लिहिले, व्याख्याने दिली, पैसा उभा केला आणि ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. उच्चवर्णीय विधवांसाठी ही निवासी शाळा. धर्मशिक्षण द्यायचे नाही, असा करार. पहिली विधवा विद्यार्थिनी कोकणातली गोदूबाई. हिचेच पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी १८९३ मध्ये लग्न झाले, आणि ती अखेरपर्यंत हिंदूच राहिली. पण त्याच वर्षी वादळ उठले. बाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत, काही मुली आपण होऊन येऊन बसत, आणि त्यांतल्या काहींचा ओढा ख्रिस्ताकडे झाला. 'केसरी'ने झोड उठवली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले, पालकांनी अनेक मुली काढून नेल्या.

यात सगळा दोष पुण्याचा, असे मी म्हणणार नाही. शब्द दिला होता, आणि उघडे दार हाही एक प्रकारे उपदेशच असतो. पालकांची भीती पोकळ नव्हती. पण दुसरी बाजूही आहे. ज्या घरांनी पोरींचे केस कापून त्यांना अंधाऱ्या खोलीत बसवले, त्यांना त्या पोरी एकाएकी 'आपल्या' वाटू लागल्या, त्या दुसरीकडे वळल्यावर. आधी कोणाच्या होत्या?

आणि बाईंचे काय? पुण्याने त्यांना पुन्हा टाकले. पण या खेपेला त्या मोडल्या नाहीत. त्यांनी आपल्या आत्मनिवेदनात कबूल केले आहे की, बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षे मला ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, पण स्वतः ख्रिस्त मिळाला नव्हता. तो १८९१ च्या सुमारास मिळाला. धर्म स्वीकारणे आणि धीर मिळणे या दोन गोष्टींत आठ वर्षांचे अंतर पडले, हे इतक्या प्रामाणिकपणे कोण सांगतो?

आता आपल्या भागाजवळ येऊ. १८९६-९७ मध्ये मोठा दुष्काळ पडला. त्या वेळी चांदा जिल्हा मध्यप्रांतात होता, आणि आजचा गडचिरोली जिल्हा, जो १९८२ मध्ये वेगळा झाला, तोही चांद्यातच होता. मध्यप्रांतभर उपासमार झाली. बातम्या वाचून रमाबाईंना गावोगाव पाला खाल्लेले आपले दिवस आठवले. त्या उठल्या आणि मध्यप्रांतात गेल्या. नरसिंगपूर, सोहागपूर अशा नर्मदा खोऱ्यातल्या ठिकाणी सरकारी गरीबखाने आणि मदतीची कामे त्यांनी हिंडून पाहिली. तिथे उपाशी पोरींभोवती दलाल फिरत होते. पैसे हातात नसताना तीनशे मुलींची सोय करायची असे बाईंनी मनाशी ठरवले. मुली घेऊन पुण्याला आल्या तर तिथे प्लेग. अधिकाऱ्यांनी त्यांना शहरात ठेवू देण्यास मनाई केली. पुण्यापासून काही कोसांवर केडगावला बाईंनी शंभर एकर जमीन घेऊन संत्री, लिंबू, आंबा लावला होता. तिथे राहुट्या ठोकल्या. मुक्ती मिशन उभे राहिले ते असे. १९०० च्या, म्हणजे लोक ज्याला छप्पन्नचा दुष्काळ म्हणतात त्या वेळी, तिथल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

इथे जातीची अट राहिली नाही. शारदा सदनात वरच्या जातीच्या मुली होत्या; केडगावला मध्यप्रांतातल्या खेड्यापाड्यांच्या, नाव-गाव सांगता न येणाऱ्या पोरी आल्या. फुलहॅमची आठवण म्हणून बाईंनी कृपा सदन काढले, फसवल्या गेलेल्या बायकांसाठी. आंधळ्यांसाठी बार्तिमी सदन, म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन. आंधळ्या मुलींना मनोरमा ब्रेल लिपी शिकवी. शेती, गाई, माग, छापखाना, सारे बायकांनी चालवायचे. पुष्कळ मुली ख्रिस्ती झाल्या. भुकेच्या तोंडावर धर्म दिला, असा आक्षेप त्या वेळी घेतला गेला, आजही घेतला जातो. प्रश्न योग्य आहे. दहा वर्षांची पोर काय निवडणार? मात्र ज्यांनी तो विचारला, त्यांच्यापैकी फार थोडे त्या गरीबखान्यांत पाऊल टाकून आले होते, हेही लिहून ठेवले पाहिजे.

या वाटेने गेलेल्यांना आपल्यांकडून काय भोगावे लागे याचे दुसरे उदाहरण नागपूरकडचेच आहे. कवी नारायण वामन टिळक नागपूरला राहिलेले. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका मिशनऱ्याने त्यांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि इकडे लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. इथे टाकलेली ती लक्ष्मीबाई. आणि टाकणारा, निदान त्या घटकेला, धर्माच्या शोधात निघालेला नवरा. कितीतरी दिवस त्या वेगळ्या राहिल्या, आपले सोवळे आणि आपले पाणी सांभाळून. पुढे राहुरीला असताना एके दिवशी त्यांच्या मनाने घेतले की जाती देवाने केलेल्या नाहीत, आणि आजपासून कोणाच्याही हातचे पाणी प्यायचे. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत त्यांना हे ठाऊकच आहे. इथेही गोष्ट पाण्यापाशीच येऊन थांबते, पाहा.

कोणी विचारील, हा दिलासा आपल्या संतांत नव्हता का? होता की. चोखोबाला तो विठोबाच्या दारात मिळाला, पण दाराच्या बाहेरच्या बाजूला. टिळक स्वतःच म्हणत की आपण ख्रिस्तापर्यंत आलो ते तुकोबांच्या वाटेने. रमाबाईंच्या वाट्याला मात्र देवळातले पुराण आले, वारीतला अभंग फारसा आला नाही. ज्याला जी विहीर सापडली तिचे पाणी तो प्याला.

बाईंची शेवटची पंधरा-अठरा वर्षे एका कामात गेली. बायबलचे मराठी भाषांतर होते, पण त्यातली मराठी त्यांना खेड्यातल्या बाईच्या कानाला जड वाटे. म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मुळावरून सोप्या मराठीत सारे बायबल नव्याने उतरवू लागल्या. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली, चाळीस वर्षांची. बाईंनी काम थांबवले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला, तेव्हा भाषांतर हातावेगळे झाले होते. ते केडगावच्याच छापखान्यात छापले. तिथे खिळे जुळवणाऱ्या, यंत्र फिरवणाऱ्या, कागद दुमडून शिवणाऱ्या सगळ्या बायकाच होत्या. दुष्काळात कोणी टाकलेल्या, कोणी हरवलेल्या, कोणी विकल्या जाता जाता वाचलेल्या. योहानाचा चौथा अध्याय, ती दुपार, ती विहीर आणि ती घागर, त्यांनीच एकेक खिळा उचलून जुळवली.